टेंडरच्या कागदात गाव कुठे आहे?

पर्यटन व्यवस्थापनाची पदवी घेऊन मी पुण्यातल्या एका सल्लागार कंपनीत लागले, तेव्हा सरकारी-खासगी भागीदारीचं एकच चित्र डोळ्यांसमोर होतं: सरकारची जमीन, कंपनीचं रिसॉर्ट आणि तीस वर्षांचा करार. या क्षेत्रात येणाऱ्या बहुतेकांचं तेच असतं, म्हणून माझा पहिला प्रकल्प सांगते.

सिंधुदुर्ग हा 1997 साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तिथल्या एका किनाऱ्याचा डीपीआर, म्हणजे प्रकल्पाचा सविस्तर अहवाल, करायचं काम आमच्याकडे आलं. उपग्रहचित्र पाहून मी नकाशा आखला आणि वाळूच्या एका पट्ट्यावर 'मोकळी जागा' असं लिहिलं. प्रत्यक्ष गावात कुणीच गेलं नव्हतं. पुढे ग्रामसभेत नकाशा लावला, तर एका वयस्क मच्छीमारांनी शांतपणे विचारलं, "मगे आमी रापण खंय ओढूची?" ज्या जागेला मी मोकळी म्हटलं होतं, तिथे चाळीस-पन्नास माणसं मिळून रापण, म्हणजे किनाऱ्यावर ओढून आणायचं मोठं जाळं, ओढत होती. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या दिवसापासून कुठलाही करार हाती आला की मी आधी पाहते, यात गाव कुठे आहे?

तुम्हीही करार वाचायला शिका. अभ्यासक्रमात मार्केटिंगवर खूप भर असतो, यावर फार कमी. सरकारला पैसे कसे मिळणार हे आधी बघा: सुरुवातीला एकरकमी, दरवर्षी ठरावीक भाडं, की उत्पन्नातला वाटा. कोकणात हा फरक फार मोठा आहे. पावसाळ्यात जलक्रीडा बंद, पर्यटक कमी, पण ठरावीक भाडं थांबत नाही. मग रिसॉर्ट चालवणारा ती भरपाई हंगामातल्या दरांतून आणि स्थानिक कामगारांच्या पगारातून काढतो. वाटा ठरलेला असेल, तर मंद महिन्यांचा भार दोघांवर पडतो. मात्र मग हिशेब तपासणारा माणूस सरकारकडे असायला हवा, आणि तो बऱ्याचदा नसतो.

करार न वाचता मत बनवलं की काय होतं, हे 2018 मध्ये दिसलं. 'अ‍ॅडॉप्ट अ हेरिटेज' ही वारसास्थळांवरच्या पर्यटक-सुविधांची जबाबदारी कंपन्यांना देणारी केंद्राची योजना 2017 मध्ये सुरू झाली होती. तिच्यात दालमिया भारत समूहाने लाल किल्ल्याची जबाबदारी घेतली आणि 'किल्ला विकला' असा गदारोळ उठला. करार मात्र पर्यटकांच्या सुविधांपुरता होता. वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडेच राहिली. लोकांची भीती मला गैर वाटत नाही. वारसा आपला आहे, त्यांनी विचारायलाच हवं. पण उत्तर देण्याची वेळ तुमच्यावर आली, तर कुठलं काम कुणाचं हे तुम्हाला कलमानिशी सांगता आलं पाहिजे.

मला मनापासून पटलेली भागीदारी मात्र लहान आहे. न्याहारी-निवास योजनेत घर कुटुंबाचं, पैसा कुटुंबाचा; सरकार नोंदणी करतं, प्रमाणपत्र देतं. तारकर्ली-मालवण भागात कितीतरी घरांनी दोन-तीन खोल्या अशा उभ्या केल्या. सकाळी घावणे, दुपारी माशाचं जेवण आणि सोलकढी. पाहुण्याने दिलेला पैसा त्याच वाडीत फिरतो. पर्यटनाला उद्योग म्हणायचं, तर त्याची मोजणी इथूनही व्हायला हवी.

शिक्षणासाठी ग्वाल्हेरची भारतीय पर्यटन आणि प्रवास व्यवस्थापन संस्था केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची आहे. पाण्यातल्या खेळांकडे ओढा असेल तर गोव्यातली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था बघा. पदवी कुठलीही घ्या, सातबारा आणि सीआरझेडचा, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचा, नकाशा वाचता यायलाच हवा. मुलाखतीत पगाराबरोबर हेही विचारा, की नव्या माणसाला साइटवर पाठवता का.

सुट्टीत मालवणला जायचं असेल तर एकदा जूनमध्ये जा. खोल्या रिकाम्या असतात, घरच्यांना बसून बोलायला वेळ असतो, आणि सरलेल्या हंगामाचा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो.