आपल्याच तालुक्यातील वैद्यकीय सेवेसाठी डॉक्टरांनी देणगी कशी द्यावी

दवाखान्याचे कर्ज फिटले आणि मुलांची शिक्षणे मार्गी लागली, की तालुक्याच्या गावी व्यवसाय करणाऱ्या अनेक डॉक्टरांना वाटू लागते, की ज्या गावाने आपल्याला नाव दिले तेथील वैद्यकीय सेवेला आपण काही द्यावे. ही इच्छा मोलाची आहे आणि ती लांबणीवर टाकू नये. मात्र धनादेश लिहिण्यापूर्वी तीन महिने एक छोटे काम करावे. जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाच्या नोंदीपुढे एक ओळ लिहावी: येथे काय असते, तर याला पाठवावे लागले नसते? इतर कोणत्याही देणगीदाराला हे दिसत नाही. आपल्याला मात्र ते रोज दिसते. वही भरत गेली की लक्षात येते, की अडचण बहुधा यंत्राची नसून रविवारी तंत्रज्ञ नसल्याची, भूलतज्ज्ञाच्या प्रवासखर्चाची किंवा जवळ रक्त साठवण केंद्र नसल्याची आहे.

यंत्रच द्यायचे ठरले तर ते चालते ठेवण्याचा खर्चही द्यावा, असे माझे ठाम मत आहे. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत आम्ही काही डॉक्टरांनी वर्गणी काढून एका ग्रामीण रुग्णालयाला दोन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर दिले होते. दोन वर्षांनी तेथील भांडारात गेलो, तेव्हा ती यंत्रे इतरांनी दिलेल्या चार यंत्रांशेजारी भिंतीला लावून ठेवलेली होती आणि प्रत्येकावर देणगीदाराच्या नावाची पट्टी होती. सिस्टरांनी आमचे एक यंत्र चालू केले. नळीतून हवा येत होती, पण ऑक्सिजनचे प्रमाण कमी असल्याचा पिवळा दिवा विझत नव्हता. या यंत्राच्या आत झिओलाइटचे दाणे असतात. ते हवेतील नायट्रोजन धरून ठेवतात. परंतु यंत्र महिनोन्महिने बंद राहिले, तर तेच दाणे हवेतील ओलावा शोषतात आणि त्यांची क्षमता घटते. आठवड्यातून एकदा काही वेळ यंत्र चालवा, असे कोणी सांगितले नव्हते, आणि फिल्टर बदलण्यासाठी कोणाकडे पैसे ठेवलेले नव्हते. ती चूक रुग्णालयाची नव्हती, आमची होती.

तेव्हापासून मी रक्कम ठरवताना पाच वर्षांचा हिशेब धरतो: सुट्या भागांसह देखभाल करार, फिल्टर व प्रोब (रुग्णाच्या शरीराला लावायचा यंत्राचा भाग), ईसीजीच्या कागदाचे रोल, आणि ते यंत्र हाताळणाऱ्या परिचारिकांचे प्रशिक्षण, तेही बदल्या होत असल्यामुळे दरवर्षी नव्याने. एवढी रक्कम जमत नसेल तर लहान यंत्र द्यावे.

सरकारी रुग्णालयाला देताना वैद्यकीय अधीक्षकांकडून आधी लेखी मागणीपत्र घ्यावे, पैसे रुग्ण कल्याण समितीच्या खात्यात धनादेशाने जमा करावेत आणि वस्तू दिली असल्यास तिची डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे रुग्णालयाच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद झाल्याचे स्वतः पाहावे. कारण जिची नोंद नाही, तिची दुरुस्तीही होत नाही. डॉक्टरांच्या संघटनेच्या न्यासाला द्यायचे असेल, तर धर्मादाय आयुक्त कार्यालयातील परिशिष्ट १ चा उतारा (न्यासाची व विश्वस्तांची अधिकृत नोंद) आणि गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागावेत. उताऱ्यावर दिवंगत विश्वस्तांची नावे अजून असतील, तर चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्तांतील बदलाचा अर्ज, मंजूर होईपर्यंत मोठी रक्कम देऊ नये. ओळखीच्या माणसांकडे कागद मागताना संकोच वाटतो, पण तो बाजूला ठेवावा. मुद्दल न मोडता केवळ व्याज वापरले जावे अशी इच्छा असल्यास 'ही रक्कम कायम निधीत जमा करावी' असे पत्र धनादेशासोबतच द्यावे.

करसवलतीबाबत थोडक्यात. ८०जी या नावाने ओळखली जाणारी देणगीवरील आयकर सवलत नव्या करप्रणालीत मिळत नाही, दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर मिळत नाही, आणि वस्तूरूप देणगीवर किंवा विनामूल्य सेवेवरही मिळत नाही. साध्या पावतीवर विसंबू नये. संस्थेने आयकर खात्याकडे विवरण दाखल केल्यावर मिळणारे प्रमाणपत्र मागून घ्यावे. अमेरिकेत स्थायिक झालेला वर्गमित्र हातभार लावू इच्छित असेल, तर आधी त्याचे नागरिकत्व विचारावे. भारतीय पारपत्र असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी विदेशी मानली जात नाही; परंतु त्याने परदेशी नागरिकत्व घेतले असेल, तर २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच ती स्वीकारता येते. अशी रक्कम आपल्या खात्यातून फिरवून देऊ नये.

आपल्याच व्यवसायबंधूंसाठीचा निधी हा विषय मला सर्वांत जवळचा वाटतो. एकट्याने दवाखाना चालवणारा डॉक्टर सहा महिने अंथरुणाला खिळला, तर त्याचे उत्पन्न पहिल्याच दिवशी थांबते, आणि तो कोणाकडे मागत नाही. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारासंबंधी २००२ च्या नियमावलीत व्यवसायबंधूंना व त्यांच्या अवलंबितांना विनामूल्य सेवा देणे हा आनंद व बहुमान मानावा असे म्हटले आहे. औषधोपचारापलीकडचा घरखर्च मात्र त्यात येत नाही. त्यासाठी तीनच सदस्यांची समिती असावी, मदत घेणाऱ्याचे नाव इतिवृत्तात न लिहिता क्रमांक लिहावा आणि शक्य झाल्यास समितीने स्वतःहून त्याच्या घरी जावे. तोपर्यंत बाकीच्यांनी आठवड्यातील एकेक सकाळ वाटून घेऊन त्याचा दवाखाना उघडा ठेवला, तर तीही देणगीच होय.

ज्या खासगी रुग्णालयाकडे आपण रुग्ण पाठवतो किंवा जेथून आपल्याकडे रुग्ण येतात, त्याच्याशी संबंधित संस्थेला देणगी देण्याचे टाळावे. त्याच नियमावलीनुसार रुग्ण पाठवण्याच्या बदल्यात काहीही देणे-घेणे निषिद्ध आहे आणि हेतू शुद्ध असला तरी तो सिद्ध करता येत नाही. नावाची पाटी लावायची असल्यास आई-वडिलांच्या नावाची लावावी, पदव्या व दवाखान्याचा पत्ता त्यावर नसावा.

देणगी दिल्यावर सहा महिन्यांनी, पूर्वसूचना देऊन, तेथे जावे. सत्कार नको म्हणून आधीच सांगावे. सिस्टरांना यंत्र चालू करून दाखवण्याची विनंती करावी, ते आजवर किती तास चालले हा त्यावरील आकडा आपल्या वहीत तारखेसह लिहून घ्यावा आणि फिल्टर कधी बदलला ते विचारावे.