मुलगा-मुलगी भेदभाव वर्गात कसा शिकवायचा? आधी मोजायला लावा

आठवी-नववीच्या वर्गात जाऊन 'आज आपण स्त्री-पुरुष समानता शिकूया' म्हटलंत की संपलं, पोरं लगेच निबंधाच्या मोडमध्ये जातात, 'स्त्री ही शक्ती आहे' वगैरे, आणि घरी जेवून ताट तिथंच टाकून उठतात. म्हणून पहिल्या तासाला तो शब्दच काढू नका.

आधी एक तक्ता द्या. काल उठल्यापासून झोपेपर्यंत घरात कोण काय करत होतं, अर्ध्या अर्ध्या तासाचं. नाव घालायचं नाही आणि मोठ्याने वाचायला तर अजिबात लावायचं नाही, कारण कुणाला आई नसते, कुणाची आई चार घरची धुणीभांडी करून येते. फळ्यावर फक्त आकडे मांडा. मग बाकं भिंतीला लावून गोल बसा, तुम्हीपण खाली, आणि पोरांनाच बोलू दे. (बाकं हलवायला कोण कोण उठलं ते बघून ठेवा, नंतर विचारायचंय.)

आता अवघड काम, स्वतःला मोजायचं. एक मुलगा नि एक मुलगी मागे बसवा, बाई कुणाला काय विचारतात त्याच्या आठवडाभर रेघा मारायच्या. माझ्या वर्गात निघालं काय, तर गणितं मुलांना, अक्षरावरून टोमणे मुलींना, शिवाय 'मुलींनो रांगोळी, मुलांनो सतरंज्या' हे दर पंधरा ऑगस्टला ओरडणारी मीच! वर्गात कबूल केलं, तेव्हा कुठे पोरं खरं बोलायला लागली.

मुलं चिडतात, 'सगळं आमच्यावरच का'. गप्प करू नका. 'मुलीसारखा रडतोस काय' असं तुला कोण कोण म्हणालंय, ते विचारा. यादी बरीच लांब होते.

पुण्यातल्या पोरांना भिडेवाडा, १८४८, फुल्यांनी काढलेली मुलींची शाळा, हे भाषणापुरतं पाठच असतं. नववीला ताराबाई शिंदे सांगा. १८८१ मध्ये सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला स्वतःचं तान्हं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, त्यावरून पेपरांत सरसकट बायकांच्या चारित्र्यावर लिहून यायला लागलं, म्हणून ताराबाईंनी चिडून 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं, १८८२ मध्ये, छापलंही पुण्यातच. एवढं सांगून एकच प्रश्न टाका, त्या मुलाचा बाप कुठंय? वर्ग शांत झाला तर होऊ दे, घाईने उत्तर देऊ नका.

तक्ते मात्र जपून ठेवा. दिवाळीच्या सुट्टीनंतर परत भरून घ्यायचेत, तेव्हा एक रकाना वाढवा, चकल्या कुणी तळल्या.