प्लास्टिक सर्जनकडे जाण्याआधी

आधी पदवी वाचा. साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, मग ३ वर्षं जनरल सर्जरीत एमएस, त्यावर ३ वर्षं प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीआरएनबी, हा नेहमीचा रस्ता. काही महिन्यांचं 'कॉस्मेटिक' सर्टिफिकेट म्हणजे ही पदवी नव्हे. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येते.

चालू औषधांची यादी न्या. अ‍ॅस्पिरिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, काढे, सगळं सांगा, पण काहीही परस्पर बंद करू नका.

तंबाखू मात्र किमान ४ आठवडे आधी सोडाच, मग ती विडी असो वा मशेरी. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, सरकवून शिवलेल्या कातडीच्या कडेला रक्त पोचत नाही, ती काळी पडते आणि टाके उसवतात. चांगलं झालेलं ऑपरेशन यामुळेच वाया जाताना दिसतं, म्हणून सर्जनपासून हे लपवू नका.

व्रण नेमका कुठे येणार, हे आरशासमोर पेनने आखून मागा. तो फिका पडतो, पुसला जात नाही; त्यालाही वर्षभर लागतं.

घरी आल्यावर एकच बाजू अचानक फुगली, ठणकू लागली किंवा कातडी जांभळी दिसली, तर सकाळची वाट न पाहता फोन करा. आत रक्त साचलं असेल तर ते लगेच काढावं लागतं.