रेगे आणि पंक एका मंचावर: नाशकात भेदभावविरोधी कार्यक्रम कसा बसवावा

ऑगस्ट 1976 मध्ये बर्मिंगहॅमच्या मंचावर ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन स्थलांतरितांविरुद्ध बरळला आणि स्थलांतरविरोधी राजकारणी ईनॉक पॉवेलची भलामण करून बसला. रेड सॉन्डर्स, रॉजर हडल आणि मित्रांनी वृत्तपत्रांना खरमरीत पत्र लिहिलं आणि त्यातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही वंशभेदविरोधी संगीत-चळवळ उभी राहिली. 30 एप्रिल 1978 ला लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात पंकवाले द क्लॅश आणि रेगेवाले स्टील पल्स एकाच दिवशी वाजले. यातून उचलायची ती मंचाची मांडणी: पंक आणि रेगे एकाच तिकिटावर, शेवटी सगळ्यांचं मिळून एक गाणं. नाशकात त्यात भीमगीतं गाणारा तिसरा गट हवाच. भीमगीतांचे कवी-गायक वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे; त्या वाटेने गाणारे आजही जिल्ह्यात सापडतात. रेगेवाले मात्र बहुधा मुंबई-पुण्याहून आणावे लागतील.

तारीख म्हणून आधी 2 मार्च सुचते, 1930 चा काळाराम मंदिर सत्याग्रह त्या दिवशी सुरू झाला. पण तो दहावी-बारावीच्या परीक्षांचा मोसम, लाऊडस्पीकरला कुरबुर होणार. 13 ऑक्टोबर बरा. 1935 ची बाबासाहेबांची येवल्याची धर्मांतराची घोषणा त्याच दिवसाची. अडचण एकच, नवरात्र तेव्हाच्या आसपास येतं आणि साऊंडवाले दांडियाला जातात. दोन महिने आधी बयाणा द्या.

जागा बंदिस्त घ्या. पक्क्या खुर्च्यांच्या नाट्यगृहात पंकचे श्रोते उभे राहणार कुठे? दोनशे माणसांसाठी मंगल कार्यालयाचा हॉल पुरतो, फक्त तो घुमतो. डेकोरेटरकडून जाड पडदे घेऊन मागच्या भिंतीवर चुण्या पाडून सोडा. रुग्णालय, शाळा, कोर्ट यांच्यापासून 100 मीटरच्या आतली जागा शांतता क्षेत्रात येते, ती टाळा. लाऊडस्पीकरची परवानगी घ्यावीच लागते आणि रात्री 10 ला आवाज बंद. दुसऱ्यांची गाणी वाजवणार असाल तर सादरीकरणाचा परवानाही काढा.

सहा वाजता सुरुवात. क्रम नावावरून लावू नका. ‘मोठा’ बँड शेवटी ठेवला की आधीचे दोन गट भरतीचे ठरतात आणि कार्यक्रमाचा मुद्दाच जातो. भीमगीतं मध्ये ठेवा, पहिली ठेवलीत तर अर्धा हॉल चहाच्या टपरीवर असतो. प्रत्येकाला 40 मिनिटं, मध्ये 15 मिनिटांची अदलाबदल. ती तेवढ्यात व्हायला ड्रमसेट आणि बास अँप एकच असावा. स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम), झांजा आणि किकचं (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं) पेडल ज्याचं त्याने आणावं. गिटारला एक स्वच्छ आवाजाचा अँप पुरे, पंकवाल्याने खरखर पेडलमधून काढावी.

साऊंडवाल्याला ‘डीजे नको, लाइव्ह आहे’ असं स्पष्ट सांगा. खर्जासाठी दोन अठरा इंची स्पीकर (‘बेस’), वरच्या आवाजासाठी दोन ‘टॉप’, कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकवणारे चार मॉनिटर, वाद्य थेट मिक्सरला जोडणारे तीन डीआय बॉक्स. मॉनिटर हमखास विसरले जातात, मग गायक बेसूर होतो आणि दोष त्याच्या माथी येतो. रेगेचा सगळा जीव 40 ते 100 हर्ट्झच्या बास गिटारच्या खर्जात असतो. म्हणून गायकांच्या माइकवर 100 हर्ट्झखालचं कापा, नाहीतर बास माइकमध्ये शिरून घूं-घूं सुरू होते. दिवे आणि साऊंड वेगळ्या फेजवर घ्या. गुणगुण आली म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढू नका, माइकला ओठ लागताच गायकाला झटका बसतो.

आता एकत्र गाणं, ज्यासाठी हा खटाटोप. मिनिटाला 160 मात्रांची लय धरा. रेगेच्या ‘वन-ड्रॉप’ या ठेक्यात चार मात्रांच्या बारमध्ये (आवर्तनात) गिटारचा झटका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर येतो, किक-स्नेअर तिसरीवर. पंकचा स्नेअरही दुसऱ्या-चौथ्यावरच. म्हणजे गिटारची जागा हलवायची नाही, फक्त ड्रमरने स्नेअर तिसरीवरून उचलून तिथे आणायचा. केरवा तालाच्या आठ मात्रा अशा दोन बारमध्ये चपखल बसतात, म्हणून ढोलकी दोन्हीकडे चालते. 16 बार रेगे, 16 बार पंक, मग फक्त ढोलकी आणि बास, आणि पुन्हा सगळे. रेगेकडून पंककडे वळताना ड्रमर हमखास लय वाढवतो; त्याच्या कानात क्लिक (लयीची टिकटिक) द्या. रेगेच्या भागात स्नेअरवर डिले (आवाजाचा उशिरा येणारा प्रतिध्वनी) लावायचा तर 750 मिलिसेकंद, तो बरोबर दोन मात्रांचा होतो. पंक सुरू होण्याआधी बंद करा.

सूर ढोलकीवरून ठरवा. ती काळी पाचला (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या सुराला) चढवलेली असेल तर भर मंचावर उतरवणं अवघड. गिटारवाल्यांना पांढरी सहा सोयीची, पण पॉवर कॉर्ड आणि बार कॉर्ड एक फ्रेट वर सरकवले की काळी पाच मिळते. रियाज निदान दोनदा, त्यातला एक ढोलकीसह.

मंचासमोर ढकलाढकली होणारच. दोन्ही कडांना ओळखपट्टा लावलेले दोन-दोन स्वयंसेवक, त्यांत निदान दोन मुली. कोणी जातीवरून, रंगावरून किंवा चेहऱ्यावरून शेरा मारला तर वाद न घालता बाहेर काढायचं, हे सूत्रसंचालकाने सुरुवातीलाच सांगावं. भाषण एकच, पाच मिनिटांचं.

मानधन तिन्ही गटांना सारखं. बाहेरगावच्यांचं गाडीभाडं त्यातून कापू नका, वेगळं धरा.