पेठेत आगीचं प्रात्यक्षिक घ्यायचं तर आधी गल्ली मोजा

अग्निशमन जवानांच्या संघटनेनं कोल्हापुरातल्या एखाद्या पेठेत कार्यक्रम ठेवला की तो कसा होतो हे ठरलेलं आहे. सिलिंडर पेटवायचा, ओलं पोतं टाकायचं, टाळ्या, फोटो, चहा. हे करावंच, लोकांची भीती त्यानंच मोडते. पण घराला खरोखर आग लागते तेव्हा बंब गल्लीच्या तोंडाशी अडकला तर त्या टाळ्यांचा उपयोग नाही. म्हणून खालचा क्रम मुद्दाम वेगळा ठेवलाय. प्रात्यक्षिक नंतर, मोजणी आधी. संघटनेचे पदाधिकारी आणि बोलावणारी तालीम किंवा मंडळ, दोघांनी मिळून वाचावं असं हे आहे.

तारीख

14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि मुंबई दलाचे 66 जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. कोल्हापुरात मात्र 14 तारखेलाच पेठेतला कार्यक्रम लावू नका. त्या दिवशी आंबेडकर जयंतीमुळे बिंदू चौकाकडं गर्दी असते. चैत्र पौर्णिमाही काही वर्षी याच सुमारास येते, म्हणजे जोतिबा यात्रेचा बंदोबस्त. सप्ताहातला मधला, मोकळा दिवस धरा, संध्याकाळी साडेपाचची वेळ ठेवा. आणि शाहू स्टेडियमवर त्या पेठेच्या संघाचा फुटबॉल सामना नाही ना, हे तालमीला विचारूनच पत्रक छापा. सामना असेल तर मैदानात तुम्ही आणि पोतं, दोघंच उराल.

मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांकडं किमान तीन आठवडे आधी लेखी अर्ज द्या. त्यात चार गोष्टी स्पष्ट लिहा: जागा, वेळ, कोणतं साहित्य लागणार, आणि सुट्टीवरचे किती जवान येणार. रात्रपाळी करून उतरलेला माणूस यादीत घेऊ नका. ड्युटीवरचा बंब आला तर उत्तम, पण वर्दी, म्हणजे आगीची खबर, आली की तो त्याच क्षणी निघणार. त्यामुळं बंबाशिवायही पार पडेल असाच कार्यक्रम बांधा. गाडी निघून गेली आणि माईकवरचा माणूस गप्प झाला, हे नेहमी घडतं, कारण सगळं गाडीभोवतीच बेतलेलं असतं.

गल्लीची मोजणी

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी, रात्री नऊनंतर जा. दिवसा रिकामी दिसणारी गल्ली रात्री दोन्ही बाजूंनी दुचाकींनी भरलेली असते, आणि माणसं झोपलेली असतात तीही रात्रीच.

दोन बांबू घ्या, एक दहा फुटी, एक पंधरा फुटी. दहा फुटी बांबू आडवा धरून दोघांनी गल्लीच्या तोंडापासून शेवटच्या घरापर्यंत चालत जायचं. बंबाची रुंदी आठ फुटांच्या आसपास, त्यात दोन्ही आरसे आणि चालकाला लागणारी थोडी जागा धरली की दहा फूट होतात. बांबू जिथं अडेल तिथं खडूनं खूण करा आणि कशामुळं अडला ते वहीत लिहा: पायरी, कट्टा, पानपट्टीचा पत्रा, कायमची लावलेली रिक्षा. पंधरा फुटी बांबू उभा धरून दुसऱ्या जोडीनं केबलच्या तारा, कमानी आणि पताकांच्या दोऱ्या बघायच्या. विजेच्या तारेजवळ बांबू नेऊ नका, ती नजरेनंच नोंदवा. बांबू कोरडाच घ्या. वळणावर रुंदी पुरेशी असूनही गाडी वळत नाही, कारण मागचं चाक आतून कापत येतं. कोपऱ्यावर एखादी दुचाकी असली तरी संपलं. म्हणून प्रत्येक वळणाच्या आधी आणि नंतर वीस-वीस फूट मोकळं पाहिजे असं धरा.

आता गाडी जिथपर्यंत येते तिथून शेवटच्या घराच्या दारापर्यंतचं अंतर टेपनं मोजा. डिलिव्हरी होज, म्हणजे पाणी मारायचा पाइप, 15 मीटरचा असेल तर हिशेब सोपा आहे. समजा अंतर 70 मीटर. 70 भागिले 15 म्हणजे पाच होज. दुसऱ्या मजल्यावर जायचं तर मजल्याला एक, असे आणखी दोन. वर दोन राखीव, कारण फुटका होज नेमका घाईतच हाताला येतो. एकूण नऊ. हा आकडा गल्लीच्या नावापुढं लिहून स्टेशनच्या तांडेलाकडं, म्हणजे जवानांच्या तुकडीच्या म्होरक्याकडं, द्या. वर्दी आली की मागून आणखी होज मागवायचे का, हे निघतानाच ठरतं.

पाण्याचाही हिशेब याच फेरीत. बंबात 4,500 लिटर पाणी असतं आणि एका ब्रांचमधून, म्हणजे होजच्या टोकाच्या तोटीतून, मिनिटाला साधारण 450 लिटर जातं असं धरलं, तर दहा मिनिटांत टाकी रिकामी. दुसरा बंब पोचेपर्यंत काय? तालमीचा हौद, मंगल कार्यालयाची टाकी, अपार्टमेंटची जमिनीखालची टाकी, जुनी विहीर, सगळं टिपा. विहिरीत नुसतं पाणी आहे म्हणून भागत नाही. बंबाचा पंप सक्शननं प्रत्यक्षात सातेक मीटरपर्यंतच पाणी ओढतो, कारण तो ओढत नसतोच, बाहेरची हवा पाणी वर ढकलत असते. एप्रिलमध्ये पातळी त्याखाली गेलेली विहीर यादीतून काढा किंवा तिच्यावर मोटार आहे का ते लिहा. टाकीचं झाकण कुलूपबंद असेल तर चावी कुणाकडं, हेही.

प्रात्यक्षिक

मोकळी जागा, वारा पाठीमागून, प्रेक्षक वाऱ्याच्याच बाजूला दोरीमागं दहा मीटरवर. पोरं पुढं जमिनीवर बसवा, उभी राहिली की सरकत पुढं येतात. दोरीवर लक्ष ठेवायला तालमीतले दोघं नेमा. पाणी भरलेला होज किंवा ते नसेल तर पावडरचे दोन भरलेले एक्स्टिंग्विशर (आग विझवायची नळकांडी) तयार ठेवल्याशिवाय काडी ओढायची नाही.

सिलिंडर अर्धाच भरलेला, शक्यतो 5 किलोचा घ्या आणि तो कायम उभा ठेवा. आडवा केला तर वायूऐवजी पातळ गॅस बाहेर येतो आणि ज्वाला कितीतरी पटींनी वाढते. व्हॉल्व्हपाशी एक जवान कायम, त्याला दुसरं काम देऊ नका. पोतं तागाचं असावं, बादलीत पूर्ण बुडवून किंचित पिळलेलं. आधीच भिजवून उन्हात ठेवलेलं पोतं कडेनं वाळतं आणि तिथूनच धरतं. दोन्ही हातांनी पोत्याची वरची कड मुठीवर गुंडाळून घ्या, म्हणजे बोटं झाकली जातात. अंगापुढं ढालीसारखं धरून वाऱ्याच्या बाजूनं जा, सिलिंडरच्या डोक्यावर टाका आणि पोत्याखालून नॉब बंद करा. इथंच सगळे चुकतात: ज्वाला दिसेनाशी झाली की पोतं ओढून घेतात, गॅस चालूच असतो आणि परत भडका उडतो. नॉब बंद झाल्याचं हातानं तपासल्यावरच पोतं काढायचं.

बचत गटाच्या बायका पुढं आल्या पाहिजेत, कारण स्वयंपाकघरात त्याच असतात. ‘या काकू’ म्हणून एकीला बोलावलं की मागनं चौघी येतात. नायलॉनची साडी, सुटी ओढणी असेल तर मात्र हसून थांबवा, सुती एप्रन बांधा आणि मगच पोतं हातात द्या.

आग न लागता नुसता वास आला तर काय, हे त्याहून महत्त्वाचं आहे आणि ते दाखवायला काहीच पेटवावं लागत नाही. बटण चालू करायचं नाही, चालू असलेलं बंदही करायचं नाही, ठिणगी दोन्ही वेळेला पडते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. खिडक्यांसोबत दारं उघडा. रेग्युलेटर काढून सुरक्षा टोपी बसवा, 1906 ला फोन करा, तो फोनही घराबाहेर येऊन. रबरी नळी आयएसआय खुणेची असावी आणि पाच वर्षांनी बदलावी. जोडावर साबणाचं पाणी लावून फुगे बघायचे, काडी ओढून नव्हे. सिलिंडरच्या कड्याखालच्या पट्टीवर त्याच्या पुढच्या चाचणीची मुदत ‘बी-27’ अशी लिहिलेली असते: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढं वर्ष. ती मुदत उलटलेली टाकी घ्यायचीच नाही. प्रत्येकाला घरी जाऊन आपल्या टाकीवरचा आकडा बघायला सांगा.

एक्स्टिंग्विशर स्वतः चालवल्याशिवाय कळत नाही. भरलेले विकत घेऊन फवारणं परवडत नाही, पण शाळा, हॉटेलं आणि दवाखान्यांत रीफिलला आलेले असतातच. त्यांना महिनाभर आधी सांगून ठेवा की रीफिलला द्यायच्या आधी आम्हाला द्या. दोन फूट लांब-रुंद लोखंडी ट्रे, त्यात तीन बोटं पाणी, वर लिटरभर डिझेल, पेटायला कपभर पेट्रोल. पिन ओढा, सहा-सात फुटांवरून आगीच्या बुडाशी नेम धरा, दांडा दाबा, डावीउजवीकडं फिरवा. 6 किलोचा एक्स्टिंग्विशर जेमतेम 15 ते 20 सेकंद चालतो. लोक ज्वाळांच्या शेंड्यावर मारतात आणि निम्मी पावडर हवेत जाते. जळता ट्रे विझला तरी पाठ फिरवून चालायला लागायचं नाही, मागं सरकायचं. विझलेल्या ट्रेमध्ये पुन्हा पेट्रोल ओतू नका. पत्रा तापलेला असतो, वाफ लगेच धरते.

पेठेप्रमाणं विषय बदला. गुजरीत सराफ कारागिरांच्या खोलीत छोटी टाकी, फुंकणी आणि अरुंद जिना, म्हणून तिथं काम संपल्यावर व्हॉल्व्ह बंद करण्याची सवय आणि जिना मोकळा ठेवणं एवढंच बोला. पापाची तिकटीच्या परिसरात चपला चिकटवायचं सोल्यूशन असतं, उघडा डबा आणि सिगारेट एका खोलीत नको. भजी-फरसाणवाल्यांना एकच सांगा: कढई पेटली तर पाणी नाही, मोठं झाकण सरकवायचं आणि गॅस बंद करायचा. उकळत्या तेलात गेलेल्या पाण्याची वाफ सुमारे 1,700 पट जागा घेते आणि जळतं तेल छतापर्यंत नेते. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, ते शहरात कुणालाच विसरता येत नाही. त्यावर भाषण नको, पण मंगल कार्यालयात त्या आठवणीचा धागा धरून रंगमंचाचे पडदे, कमानीचं कापड आणि ओव्हरलोड बोर्ड दाखवून द्या.

फोन कसा करायचा

101, न लागल्यास 112. पत्ता सांगताना आधी पेठ, मग चौक किंवा तिकटी (तीन रस्ते मिळतात ती जागा), मग गल्ली. ‘मारुतीच्या देवळाजवळ’ म्हणू नका, प्रत्येक पेठेत मारुती आहे. काय जळतंय, कितव्या मजल्यावर, कुणी अडकलंय का. समोरच्यानं ठेवल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, आणि एकानं कोपऱ्यावर येऊन हात करायचा. वीज तोडायला महावितरणला 1912. भाजलेल्या जागेवर नळाचं पाणी 20 मिनिटं. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही नको.

पूर

पंचगंगेकाठच्या भागात आगीइतकाच हा विषय आहे. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. याद्या मे महिन्यात करा, जुलैत नाही: अंथरुणाला खिळलेली माणसं, गरोदर बायका, डायलिसिसचे रुग्ण, आणि गोठे. माणसं घर सोडत नाहीत ती बऱ्याचदा जनावरांमुळं, म्हणून 39 च्या आतच जनावरं हलवायची असं गल्लीशी आधीच ठरवा. घर सोडताना मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर काढलेला, टाकी दोरीनं बांधलेली. न बांधलेली टाकी तरंगते आणि दारात अडकते. पोहता येणाऱ्या पोरांचा भरवसा धरू नका. वाहत्या पाण्यात उघड्या चेंबरमुळं पोहणाराही बुडतो. लाइफ जॅकेट आणि पुढं काठी टेकत चालणं, एवढं मे महिन्यात कमरेइतक्या पाण्यात करून घ्या.

संघटनेनं पाळायचं

गणवेशात रोख पैसे घेऊ नका, पावतीनंही नाही. देणगी आली तर संघटनेच्या खात्यात, दोन सह्यांचं खातं. कुठल्याही कंपनीच्या एक्स्टिंग्विशरचं नाव माईकवरून घ्यायचं नाही. फॉर्म बी, म्हणजे इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा दाखला, कोण देतं, असं हॉलवाले हमखास विचारतात. उत्तर एवढंच: परवानाधारक एजन्सी, दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत, महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणं. एजन्सी सुचवायची नाही, संशयाला तेवढं पुरतं. भरती, पाळ्या, साहित्य या मागण्या मांडायला वेगळी सभा घ्या. पोतं बघायला आलेल्या लोकांना निवेदन वाचून दाखवलं की पुढच्या वर्षी ते येत नाहीत.

रक्तदान शिबिर ठेवलं तर ज्याची पाळी पुढच्या 24 तासांत आहे त्या जवानानं देऊ नये. आणि आगीवरून आलेला कोट, बूट, हातमोजे घरी नेऊन घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2022 मध्ये अग्निशमनाचं काम कर्करोगकारक गटात टाकलं. काजळी कपड्यात राहते. स्टेशनवर वेगळा हौद किंवा मशीन मागणं, हे संघटनेचं पेठेतल्या कार्यक्रमाइतकंच मोठं काम आहे.

गल्लीच्या वहीची एक प्रत स्टेशनवर, एक तालमीत. महिन्यानं दहा फुटी बांबू घेऊन परत फिरा आणि खडूच्या किती खुणा मोकळ्या झाल्या ते वहीत तारखेसह लिहा. गणपतीचे मंडप उभे राहिले की पुन्हा मोजा, तेव्हा जुने आकडे चालत नाहीत. मंडप उतरल्यावर खांबांचे खड्डे बुजवून घ्या, बंबाचं पुढचं चाक त्यातच जातं.