भव्य नगरमार्गाचे आराखडे कसे वाचावेत

फिलाडेल्फियातील बेंजामिन फ्रँकलिन पार्कवेसाठी जाक ग्रेबेर या फ्रेंच लँडस्केप आर्किटेक्टने १९१७ मध्ये केलेले आराखडे अभ्यासाला फार सोयीचे आहेत, कारण हा मार्ग प्रत्यक्षात उभा राहिला असल्यामुळे कागद आणि जमीन ताडून पाहता येतात.

सुरुवात देखण्या विहंगम चित्रापासून करू नये. आधी नकाशा घ्यावा आणि त्यावरील उत्तर दिशा व प्रमाणपट्टी शोधावी. सिटी हॉलपासून फेअरमाउंट टेकडीवरील कलासंग्रहालयापर्यंतचे सरळ अंतर सुमारे २ किलोमीटर आहे. ही एक खूण पक्की केली की चौकांच्या आणि हिरवळीच्या आकारांचा अंदाज येऊ लागतो.

त्यानंतर जुन्या शहराकडे वळावे. शहराचा संस्थापक विल्यम पेन याच्या काळी, १६८२ मध्ये, येथील रस्ते काटकोनात आखले गेले आणि पार्कवे त्यांना तिरका छेदून जातो, त्यामुळे दोन्ही बाजूंना जागेचे त्रिकोणी, अडनिडे तुकडे उरतात. त्यांचे काय केले आहे हे बारकाईने पाहावे. रचनाकाराचे खरे कसब, माझ्या मते, सरळ अक्षापेक्षा या तुकड्यांत अधिक दिसते.

आता समोरासमोरच्या इमारतींमधील अंतर पट्टीने दोन ठिकाणी मोजावे: पार्कवेच्या साधारण मध्यावरील लोगन चौकाच्या अलीकडे (सिटी हॉलच्या बाजूला) आणि पलीकडे. पलीकडे इमारती मागे सरकतात, मोकळी जागा रुंदावते आणि फेअरमाउंट उद्यान पाचरीसारखे शहरात शिरते. ग्रेबेरच्या रचनेचे मर्म या फरकात आहे.

छेदचित्र, म्हणजे रस्ता आडवा कापल्यासारखा दाखवणारे चित्र, हाती असल्यास वाहनमार्ग, पदपथ आणि वृक्षरांगा यांच्या रुंदीची तुलना करावी. विहंगम चित्र सर्वांत शेवटी पाहावे, तेही जरा संशयानेच, कारण अशा चित्रांत झाडे बहुधा पूर्ण वाढलेली आणि रहदारी तुरळक दाखवलेली असते.

अखेरीस प्रत्येक प्रस्तावित इमारतीशेजारी पेन्सिलीने बांधकाम पूर्ण झाल्याचे वर्ष लिहावे. पॅरिसच्या प्लास द ला कोंकोर्दवरील जुळ्या इमारतींच्या धर्तीवर लोगन चौकाशी दोन इमारती उभ्या राहिल्या, पण ग्रंथालय १९२७ मध्ये खुले झाले, तर न्यायालयाची इमारत १९४१ मध्ये पूर्ण झाली. जेथे वर्ष सापडत नाही, ती इमारत कागदावरच राहिली का, हे आजच्या नकाशावर तपासून घ्यावे.