जगातल्या इंग्लिशची वर्गवारी कशी करायची

आपल्याकडे इंग्लिशचे दोनच प्रकार माहीत, ब्रिटिश नाहीतर अमेरिकन. पण नागपूरच्या मिहान या उद्योग-आयटी भागात कॉलवर बसणाऱ्या पोरापोरींना विचारा, समोरून स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा माणूस बोलायला लागला की तो या दोन्हीत कुठंच बसत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, इंग्लिशच्या प्रकारांची नोंद करताना देशाचं नाव नंतर लिहा, आधी कान लावा.

सगळ्यात पहिले र पकडा. कार, हार्ड, फादर असे शब्द घ्या, म्हणजे र शब्दाच्या शेवटी किंवा व्यंजनाच्या आधी येणारे, कारण रेड मधला र तर सगळेच म्हणतात, त्यानं काही कळत नाही. र स्पष्ट ऐकू आला तर अमेरिका, कॅनडा, आयर्लंड, स्कॉटलंड. गळला तर इंग्लंडचा बहुतेक भाग, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. आणि यातच पहिली गंमत दिसते, इंग्लंडच्या नैर्ऋत्येला गावाकडे र अजून टिकून आहे, अन् बॉस्टनची जुनी मंडळी अमेरिकेत राहून र गाळतात.

मग स्वर ऐका. बाथ मधला आ लंडनकडे लांब, मँचेस्टर-लीड्सकडे आखूड. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये गोंधळ होत असेल तर फिश ॲन्ड चिप्स म्हणायला लावा, न्यूझीलंडवाल्याचं फश अन् चप्स च्या जवळ जाते, ऑस्ट्रेलियन माणसाचं फीश कडे झुकते. ही खूण खूप कामाची आहे.

तिसरं व्याकरण, आणि इथं घाई करू नका. आयर्लंडमध्ये आय ॲम आफ्टर ईटिंग म्हणजे आत्ताच जेवलो, ही रचना त्यांच्या आयरिश भाषेतून आली. आपण नागपूरचे लोक नाही का जेवून राहिलो म्हणत, आणि पुण्याचा माणूस जेवतोय म्हणतो, तसंच हे. चूक म्हणून खोडू नका, त्या बोलीची खूण म्हणून नोंदवा.

एवढं झालं की इतिहासाचा रकाना भरा. श्रीनगरमध्ये जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरूंनी १९८५ मध्ये तीन वर्तुळं मांडली: आतलं ब्रिटन-अमेरिका-ऑस्ट्रेलिया वगैरेंचं, जिथं इंग्लिश मातृभाषा; मधलं भारत, नायजेरिया, सिंगापूर अशा जुन्या वसाहतींचं, जिथं ती दुसरी भाषा; आणि सगळ्यात बाहेरचं चीन-जपानसारख्यांचं, जिथं ती परकी भाषा म्हणून शिकतात. सुरुवातीला ही मांडणी मस्त चालते, पण सिंगापूरला ती अपुरी पडते, कारण २०२० च्या जनगणनेत तिथं घरात सगळ्यात जास्त बोलली जाणारी भाषा इंग्लिशच निघाली, सुमारे ४८ टक्के. मग त्याला मधल्या वर्तुळात किती दिवस ठेवणार? अशा ठिकाणी भाषाशास्त्रज्ञ एडगर श्नायडरची पाच टप्प्यांची मांडणी जास्त पटते, ती देश कुठल्या गटात हे न बघता तिथली इंग्लिश कुठवर पोचली ते बघते.

जमैकाची पॅटवा, पापुआ न्यू गिनीची टोक पिसिन, नायजेरियन पिजिन यांचा कागद वेगळा ठेवा. शब्द इंग्लिशमधून आले तरी व्याकरण स्वतःचं आहे, त्यांना मोडकं इंग्लिश म्हणणं अन्याय आहे.

शेवटी भारत. ट-ड जीभ मागे वळवून, थ दातांवर, व्ही-डब्ल्यूत बहुतेकांचा फरक नाही, प्रीपोनसारखे शब्द, हे बऱ्याच ठिकाणी भेटेल. पण एकच ओळ लिहून थांबू नका ना, केरळ, नागालँड, विदर्भ वेगवेगळे काढा, आणि प्रत्येक नोंदीपुढे बोलणाऱ्याची मातृभाषा, वय आणि शाळेचं माध्यम नक्की लिहा.